हां म्हणणारं कुणी हवं

गावाचं नाव मी सांगणार नाही. नवापूरपासून चार कोसांवर, गुजरातच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं डोंगरातलं गाव, एवढं पुरे. नाव सांगितलं तर त्या जमादाराची नातवंडं अजूनही भांडायला येतील. मला भांडणाचं वावडं नाही, पण ही गोष्ट जमादाराची नाही. ही सोमीबाईची आहे आणि थोडीशी, लाज वाटते म्हणून थोडीशीच, माझी आहे.

मी चुनीलाल मास्तर, मूळचा प्रकाशा गावचा. वक्तृत्वाचे सगळे नियम मला पाठ होते. वक्तृत्व तेवढं नव्हतं. नंदुरबारला शिकत असताना एका सभेत मला आभार मानायला उभं केलं होतं. सभा मिरचीबाजाराच्या कडेला होती. मी ‘सभ्य गृहस्थहो’ म्हणालो आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसून गेलं. समोर तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. मी खोकायला लागलो, खोकत खोकतच खाली उतरलो आणि मिरचीचा ठसका लागला असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी बाजार बंद होता.

त्यानंतर मी वक्तृत्वावरची एक चोपडी विकत घेतली. उपोद्घात म्हणजे काय, स्वर कुठे चढवावा, कुठे उतरवावा, विराम किती घ्यावा, हात कधी उचलावा, समारोप कसा करावा, सगळं त्यात होतं. मी तिच्यात पेन्सिलीने खुणा केल्या, उतारे पाठ केले. बोललो मात्र कुठेच नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला नदीची खोली बरोबर ठाऊक असते, तसं माझं झालं होतं.

पुढे सरकारी शाळेवर नोकरी लागली आणि मला या गावात पाठवलं. गावाच्या वर, घाटाच्या वरच्या तोंडाशी, जंगलखात्याचा एक बंगला होता. साहेब शिकारीला किंवा तपासणीला आला की बंगल्याचा जमादार करणसिंग गावात उतरायचा आणि घरटी एक माणूस मागायचा. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, साहेबाच्या पेट्या आणि पलंग डोक्यावर घेऊन घाट चढायचा. याला वेठ म्हणत. घरोघरच्या पाळ्या लागलेल्या. पेरणी असो की कापणी, पाळी चुकवली की त्या घरची गुरं जंगलात सापडली म्हणून कोंडवाड्यात. मी हे सगळं पाहत होतो आणि संध्याकाळी खोलीत चोपडी वाचत होतो.

अडतीस सालच्या शिमग्याआधीची गोष्ट. मुंबईत नवं सरकार आलं होतं आणि वेठीची चौकशी करायची असा कागद खाली आला. प्रांतसाहेब नवापूरला बाजाराच्या दिवशी बसणार होते. प्रत्येक गावाने लेखी अर्ज तरी द्यावा किंवा एका माणसाने उभं राहून गाऱ्हाणं सांगावं. मी रात्र जागून झकास अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी गावभर फिरवला. एकानेही अंगठा दिला नाही.

म्हातारा आमशा, गावातला सगळ्यात जाणता माणूस, मला म्हणाला, “मास्तर, अंगठा कागदवर ऱ्हास. कागद जमादारले सापडस.” त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या खेपेला सहा जणांनी अंगठे दिले होते. सहाही घरांचे बैल महिनाभर कोंडवाड्यात होते.

अर्ज तसाच घेऊन मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा सोमीबाई आली. होळ्याची बायको. चाळिशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. घरी हे लोक आपली डोंगरातली कोकणी बोलत, समुद्रकाठची नव्हे. माझ्याशी आणि बाजाराशी बोलताना अहिराणी.

“मास्तर,” ती म्हणाली, “माले बोलाले शिकाडा. सायेबसमोर मी बोलसू.”

मी तिला विचारलं, तुम्हीच का? तिने सांगितलं ते मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकताना मान वर करवली नाही. दोन वर्षांपूर्वी साहेबाचा लोखंडी पलंग घाटात चढवताना होळ्या पलंगासकट पडला होता. तेव्हापासून तो खाटेवर होता. त्याच्या पाळ्या सोमीबाई करत आली. आता करणसिंग येऊन सांगून गेला होता की होळीनंतरच्या सोमवारी साहेब येतोय, आठवडाभर मुक्काम आहे, आणि या खेपेला बाई नको, पोरगी पाठव. पोरगी म्हणजे मंगळी. तिला चौदावं लागलं होतं. बंगल्यावर आठवडाभर राहून यायचं होतं.

“मी धाडनार नही,” सोमीबाई म्हणाली. “पन मी एकलीच नही म्हनसू तं ते तिले वढीसन लई जातीन. सायेबनी म्हनाले जोयजे.”

मला इतका संताप आला की हातातला अर्ज चुरगळला गेला. आणि त्याच संतापात मी एक मूर्खपणा केला. मी तिला शिकवायला लागलो.

रोज शाळा सुटली की ती यायची आणि मी चोपडी उघडायचो. पहिला धडा संबोधनाचा. मी तिला ‘सन्माननीय प्रांतसाहेब आणि उपस्थित सभ्य स्त्री-पुरुषहो’ म्हणायला लावलं. तिने तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “इतलं म्हनता म्हनता सायेब जेवाले उठी जाई.” ते सोडून दिलं. मग आवाज. मी तिला शाळेच्या एका टोकाला उभं केलं, आपण दुसऱ्या टोकाला गेलो आणि म्हणालो, शेवटच्या माणसाला ऐकू यायला हवं. तिने नाल्यापलीकडे गुरं चारणाऱ्या बाईला हाक मारली आणि ती बाई धावत आली. आवाजाचं शिक्षण तिथेच संपलं.

हावभावाच्या धड्याला मी तिला सांगितलं, पलंगाचं सांगताना हात असे वर न्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याशी नेले, मान किंचित आत ओढली, गुडघे वाकवले. माझ्या खोलीत पलंग नव्हता, तरी मला तो तिच्या डोक्यावर दिसला. चोपडीत या हावभावाचं चित्र नव्हतं. शहाणा असतो तर मी त्या दिवशी चोपडी मिटून चुलीत घातली असती.

खरी अडचण पुढेच आली. सोमीबाई एक वाक्य बोलायची आणि थांबायची. नुसती थांबायची. मी म्हणायचो, पुढे बोला. ती म्हणायची, “तुम्ही हां म्हना ना.”

“मी का हां म्हणू?”

“मंग मी पुढे कशी जासू?”

हे ‘हां’ मी गावात पाहिलं होतं आणि त्याला हसलोही होतो. त्या लोकांत कुणी गोष्ट सांगायला बसला, पंचात कुणी गाऱ्हाणं मांडायला उभा राहिला, की एक जण नुसता ‘हां’ म्हणायला लागतो. एक वाक्य झालं की हां. दुसरं झालं की हां. हां आला नाही तर सांगणारा तिथेच थांबतो. एकदा चिंचेखाली बैलावरून भांडण चाललं होतं, तेव्हा आमशाने मला समजावलं होतं. हां म्हणजे ऐकलं एवढंच नाही. हां म्हणणाऱ्याच्या अंगावर अर्धी गोष्ट येते. उद्या ती खोटी निघाली तर त्यालाही जाब द्यावा लागतो. म्हणून जे खोटं वाटेल त्याला कुणी हां म्हणत नाही, आणि जे खरं आहे त्याला एकाने हां म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले तर सांगणाऱ्याला तोंडावर खोटं ठरवल्यासारखं होतं. मी वहीत लिहून घेतलं, ‘रानटी पण मजेदार रूढी’. रानटी हा शब्द मी लिहिला होता, हे आज सांगतो.

“सोमीबाई, तिथे तसं नसतं,” मी म्हणालो. “सभेत बोलणारा एक बोलतो, बाकीचे शांत बसतात. शांतता म्हणजे लोक लक्ष देऊन ऐकताहेत.”

“मंग त्यासनी आयकं का नही, हाई माले कसं समजी?”

“समजायची गरजच नाही. आपण बोलत राहायचं.”

“भिंतसंगे?” तिने विचारलं.

मी चिडलो. ओरडलोच तिच्यावर. म्हणालो, प्रांतसाहेब काही चिंचेखालचा पंच नाहीत. मध्ये मध्ये थांबलात तर त्यांना वाटेल बाईला काही सांगायचंच नाही. चार दिवस मी तिला न थांबता बोलण्याचा सराव दिला. ती बोलायची, पण तिचा आवाज चपटा व्हायचा, पाठ केलेला पाढा म्हणावा तसा. मी मात्र खूश होतो. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

बाजाराच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. सोमीबाई, मंगळी, आमशा, आणि त्यांच्या मागे हळूहळू अख्खं गाव. बाजाराला चाललोय असं सगळे एकमेकांना सांगत होते. नवापूरला स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. टेबल, त्यामागे प्रांतसाहेब, बाजूला लिहून घेणारा शिरस्तेदार, आणि खांबाला टेकून पट्टे घातलेला करणसिंग. समोर दहा-बारा गावांची माणसं, हजारभर तरी असतील. मी मुद्दाम मागे, तांदूळ विकणाऱ्यांच्या गाड्यांजवळ उभा राहिलो. मी सरकारी नोकर होतो. मला तिथे कुणी पाहू नये, अशी माझी फार इच्छा होती.

आमच्या आधीच्या दोन गावांनी माणूसच उभा केला नाही. करणसिंग हसून म्हणाला, “हुजूर, गाऱ्हाणंच नाही तर माणूस कुठून येणार? हे लोक खुशीने येतात बंगल्यावर. साहेब आले की यांना सण वाटतो.”

मग आमच्या गावाचं नाव पुकारलं आणि सोमीबाई पुढे गेली.

“सायेब, मी सोमीबाई,” ती म्हणाली. “होळ्यानी बायको.” आवाज स्वच्छ, शेवटच्या गाडीपर्यंत आला. “आम्हना गाववर बंगला शे.”

आणि ती थांबली.

मी डोळे मिटले. मनातल्या मनात म्हणत होतो, बोल बाई, पुढे बोल, आपण घोकलंय. ती बोलली नाही. ती लोकांकडे वळून बघत होती. आमच्या गावाची माणसं खाली बसली होती, आणि एकेक जण आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. आमशासुद्धा. करणसिंग त्यांच्याकडेच बघत होता ना. पहिला हां ज्याने म्हटला, तो आयताच त्याच्या डोळ्यात भरला असता.

“झालं?” प्रांतसाहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. “बंगला आहे हे आम्हालाही माहीत आहे.”

टेबलाजवळचे लोक हसले.  मला वाटलं, मी शिकवलेलं सगळं तिच्यातून निघून गेलं, मिरचीबाजाराजवळ माझ्यातून गेलं होतं तसंच. पण मी खोकून पळालो होतो. ती पळाली नाही. ती उभीच राहिली, हात खाली सोडून. तिच्यामागे दहा पावलांवर मंगळी बसली होती आणि आईच्या पाठीकडे बघत होती.

“पुढचं गाव,” शिरस्तेदार म्हणाला.

तेव्हा मला कळलं. ती विसरली नव्हती. ती थांबली होती. तिच्या लेखी ती अजून बोलायलाच लागली नव्हती, कारण तिचं वाक्य अजून कुणी घेतलंच नव्हतं. ते खाली पडलं होतं. आणि ते उचलणाऱ्याला काय करावं लागतं, हे मला माहीत असूनही मी चार दिवस तिच्यावर ओरडलो होतो, कारण मला स्वतःला उचलायचं नव्हतं.

मी म्हणालो, “हां!”

घोगरा, फाटका आवाज निघाला. स्वराचा चढ नाही, उतार नाही. पण हजार माणसं मागे वळली.

“कोण आहे तो?” प्रांतसाहेब ओरडले. “मध्ये कोण बोललं?”

 कुणी माझं नाव सांगितलं नसतं. गाडीमागे बसलो असतो तरी चाललं असतं. मी एका गाडीच्या दांडीला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, “मी. चुनीलाल मास्तर, सरकारी शाळा. बाईंनी सांगितलं की गावावर बंगला आहे. मी हां म्हणालो. खरं आहे म्हणून म्हणालो.”

आयुष्यातलं माझं हे पहिलं पूर्ण भाषण. चोपडीच्या हिशेबाने त्यात उपोद्घात नव्हता. करणसिंगने मला नीट पाहून घेतलं. मीही त्याला पाहून घेतलं.

सोमीबाईने मान हलवली आणि बोलायला लागली.

“बंगलावर सायेब येस, तवय घरघरनं एक मानूस लागस.”

“हां,” मी म्हणालो. आणि माझ्याबरोबर आमशा म्हणाला. त्याने मान वर केली होती.

“मन्हा मानूस सायेबना पलंग डोकावर लिसन घाट चढना.” तिचे हात डोक्याशी गेले, मान आत गेली, गुडघे वाकले. टेबलाजवळ कुणी हसलं नाही.

“हां.” आता आमचं अर्धं गाव होतं.

“पाय मोडना. पलंग नही मोडना.”

“हां!”

“पलंग बंगलामा शे. मन्हा मानूस दोन सालपाईन खाटलावर शे.”

“हां!” हा आमच्या एकट्या गावाचा नव्हता. ज्या दोन गावांनी माणूस उभा केला नव्हता, त्यांची माणसंही म्हणत होती. त्यांच्याकडेही बंगले होते, त्यांच्याकडेही पलंग होते. अंगठा न देणारे लोक ते हेच. कागदावर काही राहत नव्हतं, आणि कुणाला लपताही येत नव्हतं.

“आते सोमवारले मन्ही आंडेरनी पाळी शे. चौदा सालनी शे. सात दिन, सात रात बंगलावर ऱ्हा म्हंतस.” ती थांबली. हां आला, पण हळू, दात आवळून म्हटल्यासारखा, बायांच्या बाजूने. तिने करणसिंगकडे बोट केलं. “पोरीले रातले काय काम ऱ्हास, हाई जमादारनी सांगाले जोयजे.”

करणसिंग खांबापासून पुढे आला. तो रागावला होता, पण मूर्ख नव्हता. “हुजूर,” तो म्हणाला, “या मास्तरने पढवलंय. आणि या लोकांच्या हांला काय किंमत? यांना सवयच आहे. काहीही सांगा, हां म्हणतात. पोपटासारखे. सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणा, हां म्हणतील.”

प्रांतसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. मला दिसलं, बाण लागला होता. ते सोमीबाईला म्हणाले, “बाई, यांचं म्हणणं खरं असेल तर या ओरडण्याला पुरावा कसं मानायचं? हे कशालाही हां म्हणत असतील तर?”

मला वाटलं, संपलं. चोपडीत यावर उत्तर नव्हतं. 

 सोमीबाई वळली. साहेबाच्या टेबलाकडे सरळ पाठ केली. सभेच्या अध्यक्षाकडे कधीही पाठ करू नये, हा नियम मी तिच्याकडून वीसदा म्हणवून घेतला होता. तिने लोकांकडे तोंड केलं आणि आतापर्यंतच्या सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाली,

“जमादार म्हनस, आम्ही खुशीमा जातस!”

आणि थांबली.

कुणी हां म्हटलं नाही.

हजार माणसं होती. बाजार बाजूलाच भरला होता. तिथला कालवा ऐकू येत होता, कुठे कोंबडी ओरडत होती. मांडवात मात्र कुणी खाकरलंसुद्धा नाही. सोमीबाई वाट बघत उभी होती, जशी ती हांची नेहमी बघायची, घाई न करता. लोक तिच्याकडे बघत होते. आता कुणीही पायाच्या अंगठ्याकडे बघत नव्हतं. करणसिंग एका ओळीतून दुसऱ्या ओळीकडे पाहत होता. त्याच्या ओळखीचे, त्याच्या ताटात जेवलेले दोन-चार जण होते तिथे. त्यांच्यावर त्याने डोळे रोखले. एकाचे ओठ हलले. शेजारच्या म्हातारीने नुसतं त्याच्याकडे वळून पाहिलं आणि ओठ मिटले. मी विरामाबद्दल नऊ पानं वाचली होती. विराम म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

 शेवटी प्रांतसाहेबच म्हणाले, “लिहा.”

“काय लिहू साहेब?” शिरस्तेदार गोंधळला होता. “कोणीच काही बोललं नाही.”

“तेच लिहा,” प्रांतसाहेब म्हणाले. “जमादाराचं म्हणणं लोकांपुढे मांडलं. हजार माणसांत एकानेही हां म्हटलं नाही.”

निकाल तिथल्या तिथे लागला नाही. सरकारी काम आहे, कागद वर जाणार, खाली येणार. होळी झाली, सोमवार उजाडला, तरी कागदाचा पत्ता नव्हता, आणि करणसिंग ठरल्याप्रमाणे गावात उतरला. मी शाळा सोडून पोरांसकट सोमीबाईच्या अंगणात जाऊन बसलो होतो. दुसरं काय करणार होतो देव जाणे.

त्याने मंगळीच्या नावाने हाक मारली. सोमीबाई दारात आली, चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

“मन्ही आंडेर येवावं नही,” ती म्हणाली. आणि थांबली.

“हां,” आतून खाटेवरून होळ्या म्हणाला. दोन वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

“हां,” शेजारच्या घरातून आला. मग त्याच्या पलीकडच्या. मग चिंचेखालून. करणसिंगने पुढच्या घराला हाक मारली, त्याच्या पुढच्या घराला मारली. माणसं आपापल्या दारात बसलेली, सुपाने दाणे पाखडताहेत, दोऱ्या वळताहेत. कुणी उठलं नाही. तो कोंडवाड्याचं बोलला. आमशा म्हणाला, सगळ्या गावाची गुरं ठेवायला तुझा कोंडवाडा मोठा कर मग. संध्याकाळी साहेबाचं सामान घाटाखाली पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि पलंगाचं एक टोक धरलेला करणसिंगही पाहिला. दुसरं टोक साहेबाच्या खानसाम्याने धरलं होतं. मला फार आनंद झाला. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

चैत्रात कागद आला. वेठ बंद. त्याच टपालात दुसराही कागद होता, माझ्या नावाचा. सरकारी नोकराने सभेत भाग घेऊन सरकारी कामात व्यत्यय आणला, सबब बदली. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तो दोनदा वाचला. एका शब्दाच्या भाषणाला एवढी लांब बदली कुणाला मिळाली नसेल.

निघायच्या दिवशी मी खोलीतली ट्रंक ओढत दारापर्यंत आणली. पुस्तकांनी जड झाली होती. मंगळी पुढे आली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ट्रंकेला हात घातला. मी तिला अडवलं.

“ठेव खाली. वेठ बंद झाली आहे, माझ्यापासूनच पुन्हा सुरू करू नकोस.”

मी तिला खरंच ती उचलू देणार नव्हतो. त्या गावात कुणाच्या डोक्यावर ओझं बघायची मला शिसारी आली होती. पण सोमीबाई मध्ये आली. तिने एका बाजूने ट्रंक धरली, मंगळीने दुसऱ्या बाजूने.

“हाई वेठ नही, मास्तर,” ती म्हणाली. “चाला.”

स्टेशनाची जवळची वाट नाल्यावरून होती. त्या दोघी त्या वाटेला गेल्याच नाहीत. घाटाकडे वळल्या, बंगल्याच्या समोरून जाणाऱ्या लांबच्या वाटेला. गाव मागे होतंच. करणसिंग बंगल्याच्या ओसरीवर उभा होता. त्याच्या बरोबर समोर सोमीबाई थांबली. ट्रंक खाली ठेवली नाही. तशीच धरून, घाटाच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मास्तरनी ट्रंक आम्ही खुशीमा लई जाई ऱ्हायनूत!”

आणि थांबली.

मागून सगळं गाव म्हणालं, “हां!” पलीकडच्या शेतातून कुणी तरी म्हणालं, “हां!” मंगळी करणसिंगच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “हां!” मग सोमीबाईने माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघू लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिथे मिरचीबाजार नव्हता आणि मला खोकायचंही नव्हतं.

मी म्हणालो, “हां.”

मग ती पुढे चालू लागली.